खिळ्याभोवती फिरलेली भिंत

"आजी, तुम्ही नोकरीत काय करायचात?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "त्रिकोण चालवायची." विचारणारा आधी माझ्याकडे बघतो, मग हळूच माझ्या सुनेकडे. ती बिचारी मान हलवून सांगते, "खरंच चालवायच्या."

तेव्हा आमचं राज्य मध्यभारत होतं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, फायलींचे पेटारे आगगाडीने हिंडायचे. त्या दिवसांत इंदूरच्या मल्हारगंजात एका अत्तरवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचा कारखाना होता. बाहेर पाटी होती, 'भूमिती चित्रफिती'. खालून जाणारा एखादा रिकामटेकडा ती वाचून हाक मारायचा, "क्यों भिया, हीरोइन कौन है?" वरून आमचे यासीनभाई खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "त्रिकोण! और हीरो है लंब, सीधा खड़ा रहता है!"

कारखान्यात माणसं मोजून तीन. मालक दिघेसर, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. जन्मभर फळ्यावर आकृत्या काढल्या आणि पुसल्या, पण त्या आकृतीतलं काय हलतंय आणि काय जागच्या जागी आहे हे मुलांना दिसलंच नाही, ही त्यांच्या मनातली सल होती. दुसरे यासीनभाई. ते आधी फिरत्या टॉकीजबरोबर गावोगाव मशीन चालवायचे. आमच्याकडे कॅमेराही तेच आणि पडद्यावर दाखवणारेही तेच. तिसरी मी, सुमन. चित्रकलेची परीक्षा पास झाल्यावर मुलींच्या शाळेत रांगोळी शिकवावी अशी घरच्यांची इच्छा होती. मी म्हणाले, रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात, मला टिकणारं काही करायचंय. आई म्हणाली, "सिनेमात चाललीस?" मी म्हणाले, "हो, पण त्यात माणसं नाहीत." तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सिनेमात दर सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांसमोरून जातात आणि आपल्याला वाटतं, हललं. माणूस असेल तर तो आपला आपण हलतो. त्रिकोण हलत नाही, त्याला हलवावं लागतं. टेबलावर आकृती ठेवायची, वर लाकडी घोडीवर खाली तोंड केलेला कॅमेरा. फोटो घ्यायचा, आकृती केसभर सरकवायची, परत फोटो. पाठीचा काटा ढिला व्हायचा, पण पडद्यावर तोच त्रिकोण लोण्यातून सुरी जावी तसा सरकायचा. मग वाटायचं, काही का असेना, सबंध माळव्यात हे करणारी मी एकटी आहे. अजूनही वाटतं. खोटी नम्रता मला जमत नाही.

सरांचे नियम दोनच. पहिला, एका वेळी एकच गोष्ट हलली पाहिजे. हा नियम कसा आला त्याचा किस्सा आहे. त्रिकोणाच्या कोनांची फिल्म काढत होतो. आंब्याचे दिवस, खालून अत्तराचा वास, आणि एक माशी येऊन आकृतीवर बसली. यासीनभाईंचं लक्ष नव्हतं, माझं सरकवण्यात होतं. फिल्म धुवायला मुंबईला जायची, त्यामुळे आम्हाला कळायला वेळ. एका शाळेत लावली तर पडद्यावर हत्तीएवढी माशी थयथयाट करत त्रिकोणाच्या एका कोनातून दुसऱ्यात. मुलांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी विचारलं, फिल्ममध्ये काय पाहिलं? सगळा वर्ग एका सुरात, "माशी!" कोनांची बेरीज कुणाच्या बापाला आठवत नव्हती. सर म्हणाले, "सुमन, त्या माशीनं आपल्याला शिकवलं बघ. दोन गोष्टी हलल्या की मूल नको तिकडेच बघणार."

दुसरा नियम, थांबायचं. हलवणं काय, कुणीही हलवेल. समोरचा "हां!" म्हणेल अशा जागी थांबणं, तिथे कसब आहे. पण इथे एक गोम आहे. आम्ही थांबायचो म्हणजे एकाच चित्राचे पुष्कळ फोटो काढायचो, फिल्म मात्र चालूच असायची. मशीनमध्ये फिल्म खरोखर थांबवली तर मागच्या दिव्याच्या आचेनं ती जळते. यासीनभाई याबाबतीत भलते कडक. "बाई, रील और औलाद, दोनों को चलते रहना चाहिए," म्हणायचे.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं दळण दळलं, ती सांगते.

दामूअण्णा आणि मधूभिया हे सख्खे भाऊ आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. अण्णा मिलमध्ये कारकून, कमी बोलणारे, टोपी कधी वाकडी न होणारे. मधूभियाचं सायकलचं दुकान, तोंड सदा चालू, राग नाकावर. त्यांची आई माई. वडील गेले तेव्हा, आता अन्नपूर्णेचं देऊळ आहे तिकडे एक जमिनीचा तुकडा मागे ठेवून गेले. तेव्हा तिकडे शेतंच होती, संध्याकाळी कुणी फिरकत नसे. त्या जागेवर दोघांनी शेजारी शेजारी घरं बांधायची आणि मध्ये भिंत घालायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे वडील सांगून गेले, "सरळ भिंत घाला, निम्मं निम्मं करा." सांगून मोकळे झाले, आणि इथे भाऊबंदकी सुरू.

कारण जागा चौकोनी नव्हती. पुढे रस्ता, मागे गल्ली, दोन्ही समांतर. एक बाजू सरळ, पण दुसऱ्या बाजूनं नाला तिरका गेलेला. मोजणीवाल्यानं चोख निम्मं करून सरळ भिंतीची खूण केली. त्यात अण्णांच्या वाट्याला नीट आयत आला. मधूभियाच्या वाट्याला आला तो पुढे रस्त्यावर अरुंद आणि मागे गल्लीकडे रुंद. क्षेत्रफळ दोघांचं सारखं. पण मधूभियाचं म्हणणं, "समोरून माझं घर पानाची टपरी दिसेल! दुकान काढायचं म्हटलं तर कुठं काढू, मागं नाल्यातल्या डासांसाठी?" अण्णा म्हणायचे, "मोजून दिलंय." एवढंच. मधूभियाला वाटायचं, थोरल्यानं मोजणीवाल्याला पटवलं. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एका स्वयंपाकघरात दोन चुली झाल्या. माई सकाळी एकाकडे जेवायच्या, संध्याकाळी दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडे अर्धपोटी उठायच्या. मधूभियानं वकील गाठला. खटला उभा राहिला असता तर जमीन तर गेलीच असती, त्याआधी माई गेल्या असत्या. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं.

अण्णा एक दिवस आमच्याकडे आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरांना म्हणाले, "तुमच्याकडे असा सिनेमा आहे म्हणतात, की आकार वेगळा पण जागा सारखी. तो मधूला दाखवा. मोजणीवाल्यावर त्याचा विश्वास नाही, पण डोळ्यावर असेल."

अशी फिल्म होती, आणि ती माझी सगळ्यात लाडकी होती. एकाच पायावर उभे, त्याच दोन समांतर रेषांमधले समांतरभुज चौकोन सारख्या क्षेत्रफळाचे असतात, हे प्रमेय. पाया तसाच ठेवून वरची बाजू सरकवत न्यायची. मी ती इतकी दूर नेली होती की शेवटी चौकोन लांबच्या लांब, चिंचोळा व्हायचा, आणि तरी आतलं क्षेत्रफळ तेवढंच. बघणाऱ्यांच्या तोंडून "वा!" निघायचं.

मधूभिया आला. हाताची घडी घालून बसला. फिल्म सुरू झाली, चौकोन तिरका झाला, आणखी तिरका झाला, शेवटी सुतळीसारखा बारीक झाला. सर ऐटीत म्हणाले, "पाहिलंत? क्षेत्रफळ तेवढंच!"

मधूभिया ताडकन उठला. "वा सरजी, वा! म्हणजे उद्या मला सुतळी द्याल आणि म्हणाल, ले बेटा, तेरी जमीन बराबर है! सुतळीवर खाट टाकू का मी? तुम्हीसुद्धा अण्णाचेच!" आणि धाडधाड जिना उतरून गेला. खाली अत्तरवाल्याच्या बाटल्या खणखणल्या.

मला असा संताप आला! फिल्म बरोबर होती. रेषा रेषा बरोबर होती. मी म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी! याला कुणी काय शिकवणार?"  सर मात्र म्हणाले, "सुमन, तो चुकीचं काय बोलला? आपण त्याला सारखं आहे हे दाखवलं. त्याला ते माहीतच होतं. त्याला विचारायचं होतं की सारखं ठेवून बरं करता येतं का." सरांचं हे वाक्य मी पुढे सगळ्या कामात बाळगलं.

त्यानंतर चार दिवस मी चिडचिडत होते. टेबलावर घड्याळाच्या कोनांचं काम चाललं होतं, कागदाच्या कडेला मधोमध टाचणी मारून कागद फिरवायचा होता. फिरवता फिरवता माझं लक्ष गेलं. कडेचं वरचं टोक एका बाजूला जेवढं सरकतं, तेवढंच खालचं टोक उलट्या बाजूला सरकतं. एका अंगाला जे जातं ते दुसऱ्या अंगाला परत मिळतं. मी तशीच उठले आणि ओरडले, "सर, भिंतीला खिळा मारा!" यासीनभाईंना वाटलं कॅलेंडर लावायचंय.

वडिलांनी "सरळ भिंत" म्हटलं होतं. पण भिंतीच्या बरोबर मध्यावर एक खिळा आहे असं समजा आणि भिंत त्याभोवती फिरवा. पुढच्या टोकाला ती अण्णांकडे सरकली तर मधूभियाला रस्त्यावर रुंदी मिळते, आणि मागच्या टोकाला ती मधूभियाकडे सरकते, तिथे अण्णांना तेवढंच मिळतं. पुढे एक छोटा त्रिकोण गेला, मागे तस्साच त्रिकोण आला. भिंतीची दोन टोकं रस्त्यावर आणि गल्लीवर आहेत तोवर कशीही फिरवा, निम्मं ते निम्मंच राहतं.  सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मी ओळखलं की घोडं गंगेत न्हालं.

ती फिल्म मी माझ्या हाताने केली आणि तिच्याइतकं स्वच्छ काम मी पुन्हा केलं नाही. काळ्या पुठ्ठ्यात जागेच्या आकाराची खिडकी कापली. खिडकीखाली पांढरा कागद, म्हणजे मधूभियाचा वाटा. त्यावर राखी कागद, म्हणजे अण्णांचा. राखी कागदाची सरळ कड ती भिंत, आणि तिच्या मध्यावर खराखुरा खिळा ठोकला. मग केसकेस कागद फिरवत गेले. एका वेळी एकच गोष्ट हलली, ती भिंत. आधी ते दोन छोटे त्रिकोण दाखवून थांबले, एक उचलून दुसऱ्यावर बसवून दाखवला, पुन्हा थांबले. त्यानंतर न थांबता भिंत फिरत ठेवली, संथ, रस्त्यावर मधूभियाची बाजू रुंद रुंद होत जाईल अशी.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. मधूभियाला आणायला सर स्वतः त्याच्या दुकानात गेले. "सरजी, पुन्हा सुतळी?" तो म्हणाला. सर म्हणाले, "आज तू सांगशील तिथे थांबू." माईही आल्या. जन्मात त्यांनी पडदा पाहिला नव्हता. सगळ्यांत पुढे चटईवर बसल्या. अण्णा एका भिंतीला, मधूभिया दुसऱ्या भिंतीला. भर दुपारी काळे पडदे ओढले आणि यासीनभाईंनी मशीन सुरू केलं.

सरांनी सांगितलं, "दोघांपैकी ज्याला वाटेल त्यानं 'बस' म्हणायचं. नंतर तिथलं मोजमाप मी काढून देतो." दोन त्रिकोण एकमेकांवर बसले तेव्हा मधूभिया जरा पुढे सरकून बसला. मग भिंत फिरू लागली. रस्त्यावर त्याची बाजू वाढायला लागली. तो पडद्यापेक्षा चोरट्या नजरेनं अण्णांकडेच जास्त बघत होता. आता अण्णा 'बस' म्हणतील, आता म्हणतील, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. अण्णा गप्प. दोघांची रस्त्यावरची रुंदी सारखी झाली. अण्णा गप्पच. भिंत पुढे गेली, आता मधूभियाचं घर रुंद आणि अण्णांचं अरुंद.  सर खुर्चीत चुळबुळले.

आणि मधूभिया उठून ओरडला, "बस! अहो बस! यासीनभाई, रोको, रोको! अण्णाच्या ओसरीत शिरतेय भिंत!"

त्या ओरडण्यानं यासीनभाई इतके दचकले की जन्मभराचा नियम विसरले आणि त्यांनी फिल्म खरोखर थांबवली. क्षणभर भिंत पडद्यावर स्थिर उभी राहिली. मग तिच्या मधोमध एक तपकिरी फोड आला, फुगला, आणि भिंत, जमीन, नाला सगळं बुडबुडत जळून गेलं. यासीनभाईंनी दिवा बंद केला. "हाय रे, जल गई!"

पडदे उघडले. खोलीभर जळका वास. मधूभिया अण्णांसमोर उभा होता, लालबुंद. "तू बोलत का नव्हतास? दातखीळ बसली होती का?"

अण्णांना खरंच कळेना, हा का चिडलाय. म्हणाले, "मी कशाला बोलू? सरांनी दाखवलं ना, कुठंही फिरवा, माझं कमी होत नाही. तुला बरं वाटेल तिथं तू थांबवशील, म्हणून बघत बसलो होतो."

मधूभिया मटकन चटईवर बसला, माईंच्या शेजारी, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. माझेही डोळे भरले, सरळ सांगते. इतकी वर्षं सर आणि मी प्रमेयं शिकवत होतो. प्रमेयावर असा विश्वास ठेवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग भांडण उलटं सुरू झालं. मधूभिया म्हणतो, भिंत थोडी मागे घ्या. अण्णा म्हणतात, जिथे जळली तिथेच राहील. शेवटी माई खेकसल्या, "आता गप्प बसा मेल्यांनो, जळली तीच जागा!" जळलेलं चित्र तर गेलं होतं, पण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं शाबूत होतं. यासीनभाईंनी ती दोन कापून दिली, मी भिंगाखाली धरून दोन्हींच्या मधली रेघ काढली, सरांनी त्यावरून गवंड्याला माप दिलं. भिंत तिथे उभी राहिली. घरं झाली, वास्तुशांतीला आम्हा तिघांना पहिल्या पंगतीत बसवलं. यासीनभाईंसाठी माईंनी वेगळी शेव-जिलबी मागवली होती, कारण "यांनीच तर रोखली."

ती फिल्म आम्ही जोडली आणि शाळांना पाठवली. जोडाच्या जागी भिंत जराशी उडी मारते. धारच्या एका मास्तरांनी लिहिलं, फिल्ममध्ये दोष आहे, त्या जागी भिंत उडी का मारते असं मुलं विचारतात, नवी काढा. सरांनी उलट कळवलं, "त्या जागी दोन माणसांचं जमलं, असं मुलांना सांगा." नवी काढली नाही.

पुढे मध्यभारत गेलं, सरकारचं येणं-जाणं थांबलं, सर थकले. कारखाना बंद झाला तेव्हा रिळं कपाटात राहिली आणि एका पावसाळ्यात एकमेकांना चिकटली. ती मी वेळेवर उन्हात टाकायला हवी होती, ही हळहळ आहे. आता टीव्हीवर गणित दाखवतात. रंग आहेत, बाजा आहे, आणि एकदम सगळंच हलतं. मी सुनेला म्हणते, "बघ, किती माश्या!"

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी सगळे उठून निघाले तेव्हा माई टेबलापाशी रेंगाळल्या. पुठ्ठ्याची खिडकी तशीच होती, राखी कागदही. त्यांनी भिंतीच्या मधल्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"सर, भिंत एवढी फिरली. हा कुठं हलला नाही."

"नाही माई. तो हलतच नाही."

"मग हा कुणाच्या वाट्याला?"

सर हसले. "कुणाच्याच नाही. तो बिंदू आहे. बिंदूला क्षेत्रफळ नसतं."

"म्हणजे तिथं कुणाचीच जमीन जात नाही?"

"कुणाचीच नाही."

"मग तिथं दार ठेवा," माई म्हणाल्या.

गेल्या महिन्यात अन्नपूर्णेला गेले होते. शेतं कधीच गेली, चहूकडे घरं झाली. दोन्ही भाऊ नाहीत, मुलं नांदतायत. भिंत तशीच तिरकी उभी आहे, आणि तिच्या बरोबर मध्यावर दार आहे. मी हात लावून पाहिलं. कडी अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.